डबा कोण नेत होतं? अम्मीबरोबर मक्का-मदिनेचे नऊ दिवस

चिपळूणजवळच्या एका मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवून मी गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. 'इस्लामचा उदय' हा धडा जेमतेम दीड पानाचा. त्यातली एक ओळ दरवर्षी फळ्यावर लिहायची: इ. स. ६२२, हिजरत, पैगंबर मक्केहून मदिनेस गेले. 'गेले' म्हटलं की झालं. मुलं वहीत उतरवायची, घंटा व्हायची.

अम्मी ७९ वर्षांची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. अब्बा असताना उमऱ्याला, म्हणजे वर्षात कधीही करता येणाऱ्या मक्केच्या छोट्या यात्रेला, जायचं राहून गेलं ते गेलंच. जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघीच निघालो. पुरुषमाणूस सोबत नसताना बायका कशा जाणार, असं मोहल्ल्यात चौघांनी विचारलं. उमऱ्यासाठी महरमची, म्हणजे नवरा किंवा जवळच्या नात्यातला पुरुष सोबत असण्याची, अट सौदी सरकारने २०२२ मध्येच उठवली आहे, हे चौघांनाही सांगितलं. दोघांना पटलं.

दिवस पहिला: हजर

जेद्दाला पोचायच्या अर्धा तास आधी विमानात घोषणा झाली, मीक़ात आली. मक्केला जाणाऱ्याने जिथून इहराम बांधायचा, म्हणजे यात्रेचा पोशाख आणि नियम पाळायला लागायचं, ती ही सीमा. आपल्याकडून जाणाऱ्यांची मीक़ात यलमलम. पुरुषांनी दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं मुंबईपासूनच गुंडाळली होती. बायकांना वेगळा पोशाख नाही, साधेच अंग झाकणारे कपडे, फक्त चेहरा उघडा ठेवायचा. विमानभर 'लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक' सुरू झालं. अर्थ साधा आहे: हजर आहे, अल्लाह, मी हजर आहे. आयुष्यभर हजेरी घेतली आणि आज पहिल्यांदा स्वतः 'हजर' म्हणाले, असं मनात आलं आणि मी चक्क हसले. अम्मीने कोपर मारलं.

ज्यांच्यामार्फत गेलो त्यांनी 'हरमपासून पाचशे मीटर' (हरम म्हणजे पवित्र मशिदीचा परिसर) असं सांगितलेलं हॉटेल प्रत्यक्षात सव्वा किलोमीटरवर निघालं, तेही चढावर. त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगते: नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, पायी रस्ता टाकून बघा आणि चढ किती आहे ते आधी विचारा.

रात्री अकराला हरममध्ये शिरलो. अम्मी व्हीलचेअरवर. काबा पहिल्यांदा दिसतो त्या क्षणाबद्दल प्रत्येकाने इतकं काही लिहिलंय की मी अम्मीचं वाक्य तेवढं सांगते. मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढासाच?" मग पदराने तोंड झाकून पाच मिनिटं रडली. खरंच, उंची साधारण तेरा मीटर. भोवती मजल्यावर मजले, मागे ६०१ मीटरचं घड्याळाचं मनोरा-हॉटेल, आणि मधोमध काळ्या रेशमातली ही साधी चौकोनी वास्तू. आत मूर्ती नाही, चित्र नाही. काबा म्हणजे देव नव्हे, तोंड कुठे करायचं त्याची खूण. हे मी वर्गात सांगायचे, पण तिथे उभं राहिल्यावर ते आधी डोळ्यांना पटलं.

तवाफचे, म्हणजे काब्याभोवतीचे, सात फेरे झाले, मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा. दोन्ही टेकड्या आता इमारतीच्या आत आहेत. संगमरवरी वातानुकूलित बोळ, सफाचा खडक काचेमागे. सगळ्या खेपा मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते. इथेच इब्राहीम पैगंबरांची पत्नी हाजरा तान्ह्या इस्माईलला ठेवून पाण्यासाठी धावली, अशी श्रद्धा आहे. मधल्या टप्प्यात हिरवे दिवे लागले की पुरुष धावतात, बायकांनी चालायचं. अम्मी खुर्चीत बसून हे बघत होती.

"धावली बाई, आणि आता धावतात पुरुष," ती म्हणाली. "मे महिन्यात विहीर आटली की आम्ही दोन कळश्या घेऊन खालच्या वाडीत जायचो. तुझे अब्बा एकदा तरी आले का?"

झमझम या इथल्या पवित्र विहिरीच्या पाण्याचे पिंप सगळीकडे ठेवलेले असतात. काही थंड पाण्याचे, काहींवर 'थंड नाही' असं लिहिलेलं. घसा जपायचा असेल तर दुसरं घ्या. मी पहिलं घेतलं आणि चार दिवस खोकले.

दिवस दुसरा: पाऊस

सकाळी तमीस आणि फूल. तमीस म्हणजे भट्टीतली परातीएवढी पोळी, फूल म्हणजे शिजवून घोटलेला वालासारखा दाणा, वर तेल आणि जिरं. अम्मीच्या मते आपल्या वालाच्या बिरड्याची सर नाही, पण पोळी तिने दोन वेळा मागून घेतली. दुकानदार अफगाण, वाढणारा बांगलादेशी, शेजारच्या टेबलावर इंडोनेशियाच्या चार आज्या. हिंदी-उर्दूवर इथे सगळं निभतं.

दुपारी असरच्या नमाजाच्या सुमाराला आभाळ भरून आलं. मक्केत पाऊस! लोक छत्री शोधायच्या ऐवजी हात पसरून उघड्यावर आले. कोकणातल्या दोघी बायका मात्र सवयीने आडोशाला सरकलो. अम्मी म्हणाली, "ह्याला पाऊस म्हणतात होय? आमच्या आषाढात येऊन बघा म्हणावं." अर्ध्या तासात थांबला, पण तेवढ्यात रस्त्याच्या उतारावरून लाल पाण्याचा लोट वाहू लागला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, काबा खोलगट खोऱ्याच्या तळाशी आहे. चारही बाजूंनी उघडे डोंगर, एक झाड नाही. पाणी पडलं की धावत इथेच येणार.

असेच लोंढे आणि आधी लागलेली आग यांनी काब्याच्या भिंती खिळखिळ्या झाल्या, म्हणून साधारण इ. स. ६०५ मध्ये मक्केतल्या कुरैश टोळीने तो नव्याने बांधायला घेतला. लाकूड आलं लाल समुद्राच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका जहाजाचं. वर्गणीचा नियम असा होता की पैसा सचोटीचाच हवा, व्याजाचा नको. तो पुरला नाही! म्हणून एका बाजूचा भाग बाहेरच राहिला. अर्धवर्तुळाकार बुटक्या भिंतीचा तो हतीम आजही तसाच आहे. (मंदिर-मशिदीच्या बांधकाम समितीवर काम केलेल्या कोणालाही ही अडचण ओळखीची वाटेल.) मग काळा दगड जागेवर कोणी ठेवायचा यावर तलवारी निघायची वेळ आली. तेव्हा पस्तिशीतल्या मुहंमदांनी चादर अंथरली, दगड त्यात ठेवला, प्रत्येक घराण्याच्या माणसाला एकेक टोक धरायला सांगितलं आणि वर आल्यावर दगड स्वतः बसवला. पैगंबरी अजून पाच वर्षं पुढे होती. गावात त्यांची ओळख 'अल-अमीन' अशी होती, म्हणजे भरवशाचा माणूस.

या खोऱ्यात शेती होत नाही, हे बघितल्यावर बाकीचंही उलगडतं. पोट व्यापारावर: हिवाळ्यात तांडे यमनकडे, उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे सीरियाच्या बाजूला. आणि व्यापार चालायचा तो काब्याच्या पुण्याईवर. परंपरा सांगते, तिथे ३६० मूर्ती होत्या, टोळीटोळीचे देव. 'देव एकच' असं म्हणणारा माणूस म्हणजे नुसता धर्मावर नाही, बाजारावर घाला.

दिवस तिसरा: हिरा

मामेभाऊ तीस वर्षं जेद्दात आहे. आमच्याकडच्या प्रत्येक घरातलं एक कुणीतरी तिकडे असतंच. तो पहाटे तीनला गाडी घेऊन आला. जबल-ए-नूर हरमपासून पाचेक किलोमीटरवर. पायथ्याशी आता संग्रहालय आणि कॅफे असलेलं नवं संकुल झालं आहे. अम्मीला भाभीबरोबर तिथे बसवलं आणि आम्ही दोघे चढायला लागलो.

हा चढ सोपा समजू नका. हजाराच्या वर पायऱ्या आहेत, काही सिमेंटच्या, काही नुसत्या दगडाला दिलेला आकार, आणि शेवटचा टप्पा छाताडावर येणारा. मला सव्वा तास लागला. पहाटेच निघा, पाणी सोबत ठेवा, चप्पल नको, बूट घाला. वाटेत पायऱ्या दुरुस्त करतो म्हणून पैसे मागणारे भेटतात, सुटे ठेवा किंवा सरळ पुढे चला. इथे येणं उमऱ्याचा भाग नाही, तसे फलकही आहेत.

गुहा शिखराच्या थोडी खाली, पलीकडच्या अंगाला. दोन प्रचंड शिळांच्या फटीतून आडवं होऊन जावं लागतं. गुहा कसली, कपार. एक माणूस उभा राहील, एक फार तर मागे बसेल. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. माझी पाळी आली तेव्हा मागे पंचवीस जणांची रांग होती, त्यामुळे भावना वगैरे आवरून मिनिटाभरात बाहेर आले. बाहेरच्या खडकावर मात्र तासभर बसलो. उजाडताना खाली मक्केचे दिवे विझत गेले.

इ. स. ६१०, रमजान महिना, पैगंबर चाळीस वर्षांचे. इथे एकांतात बसलेले असताना फरिश्ता जिब्रईलने पहिला शब्द दिला: 'इक़्रा'. वाच, पठण कर. 'मला वाचता येत नाही,' हे उत्तर. तीनदा तसंच झालं. मग थरथरत ते हा डोंगर उतरून घरी गेले आणि बायकोला म्हणाले, मला पांघरूण घाला. मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, पण तो उतार माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पहाटेच्या अंधारात, घाबरलेल्या माणसाने, पायऱ्या नसताना.

खाली आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. तिने नेमकं विचारलं, "तिथे दिवसेंदिवस राहायचे ना? मग डबा कोण नेत होतं?"

खदीजा. परंपरा सांगते की शिदोरी घेऊन त्या वर जात. वयाने पैगंबरांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, असं मानलं जातं. म्हणजे पंचावन्नच्या. स्वतःचे तांडे पाठवणारी मोठी व्यापारी बाई. मुहंमद आधी त्यांच्याकडे कामाला होते, लग्नाची मागणीही त्यांच्याकडूनच गेलेली. त्या रात्री पांघरूण घातलं त्यांनी, 'तुम्ही नातेवाइकांना जपता, गरिबांचा भार उचलता, अल्लाह तुम्हाला तोंडघशी पाडणार नाही' हा धीर दिला त्यांनी, आणि पहिला विश्वास ठेवला तोही त्यांनीच. इस्लाम स्वीकारणारी पहिली व्यक्ती एक बाई, हे आमच्या धड्यात नव्हतं.

सुरुवातीचा संदेश चार गोष्टींचा: अल्लाह एक आहे, त्याच्यात आणि माणसात दलाल नाही. इब्राहीम, मूसा, ईसा हे आधीचे पैगंबर, सांगणं तेच. एक दिवस हिशेब होणार. आणि अनाथाला ढकलू नका, गरिबाला जेवू घाला. नमाज, रोजा, जकात, हज ही घडी नंतर हळूहळू बसत गेली. ऐकणारे आधी कोण? तरुण मुलं, गुलाम, ज्यांच्या पाठीशी टोळी नाही असे लोक. हबशी गुलाम बिलालला तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर धोंडा ठेवला, तो 'अहद, अहद' म्हणत राहिला. एक, एक. सुमय्या नावाच्या दासीचा जीव गेला, इस्लाममधलं पहिलं हौतात्म्य तेच. ६१५ च्या सुमाराला काही जण समुद्रापार हबशांच्या देशात, तिथल्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले.

दिवस चौथा: द्राक्षं

अम्मीचे पाय सुजले. तायफला जायचा बेत रद्द. मला वाईट वाटलं, कारण ६१९ मध्ये खदीजा आणि काका अबू तालिब दोघेही गेल्यावर पैगंबर आधार शोधत तायफला गेले होते आणि तिथल्या लोकांनी पोरं मागे लावून दगड मारले होते. रक्ताळलेल्या पायांनी एका द्राक्षमळ्यात टेकले, तेव्हा मळेवाल्यांचा ख्रिस्ती गुलाम अद्दास ताटलीत द्राक्षं घेऊन आला. भावाला हे ठाऊक होतं. संध्याकाळी तो द्राक्षांची पेटी घेऊन आला. तायफचा हंगाम उन्हाळ्यात असतो. पेटीवर नाशिकचा पत्ता होता.

दिवस पाचवा: 'गेले'

हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. मक्का ते मदिना ४५० किलोमीटर, ताशी ३०० चा वेग, अडीच तासांच्या आत पोचवते. तिकिट आधी काढा, सामान कमी ठेवा, आणि दोन्ही स्थानकं हरमपासून लांब आहेत हे लक्षात ठेवून टॅक्सीचा वेळ धरा. बाकी गाडी उत्तम. चहा आला, खजूर आले.

खिडकीबाहेर दोन तास काही म्हणजे काही नव्हतं. करडे खडक, काळपट डोंगर, मधूनच तारेच्या कुंपणामागे उंट. माझ्या फळ्यावरचा 'गेले' हा शब्द मला खिडकीच्या काचेवर दिसत होता.

६२२ च्या सप्टेंबरात पैगंबर आणि त्यांचे जवळचे साथीदार अबू बक्र मक्केतून निघाले ते मदिनेच्या दिशेला नव्हे, उलट दक्षिणेला. 'सौर' नावाच्या डोंगराच्या गुहेत तीन रात्री लपले, म्हणजे पाठलाग करणारे उत्तरेला शोधत बसतील. अबू बक्रांचा गुराखी आपला कळप त्या वाटेवरून फिरवायचा, पावलांचे ठसे पुसायला. वाटाड्या नेमला तो मुसलमानही नव्हता, पण वाटा जाणणारा आणि शब्दाचा पक्का. मग आडवळणाने आठवडाभर प्रवास.

"आणि गुहेत जेवण?" अम्मी.

अस्मा. अबू बक्रांची थोरली मुलगी. शिदोरी बांधायला दोरी सापडेना, तर तिने कमरेचा पट्टा फाडून दोन केले. म्हणून तिला 'दोन कमरपट्टेवाली' हे नाव पडलं, आजही अरबीत तसंच आहे.

अम्मी बराच वेळ बाहेर बघत बसली. "म्हणजे इथेपण," एवढंच म्हणाली.

इथे एक चूक कबूल करते. हिजरी सनाचा पहिला दिवस म्हणजे पैगंबर मदिनेत पोचले तो दिवस, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगितलं. तसं नाही. सन सुरू करायचं ठरलं त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी, खलिफा उमर यांच्या काळात, आणि मोजणी धरली ती त्या वर्षाच्या मुहर्रमपासून, म्हणजे जुलै ६२२ पासून. प्रवास झाला सप्टेंबरात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करा.

दिवस सहावा आणि सातवा: मदिना

मक्केहून आल्यावर मदिना म्हणजे घामेजल्या अंगावर वारा. पहाटे स्वेटर लागला. शहर सपाट, लोक सावकाश, आवाज हळू. खजुराच्या बागा शहराच्या कडेला अजून आहेत. याला आधी यसरिब म्हणत. औस आणि खजरज या टोळ्या आपसात लढून थकलेल्या, शेजारी ज्यूंच्या तीन टोळ्या. त्यांना तंटे सोडवणारा भरवशाचा माणूस हवा होता. मक्केत नकोसा झालेला माणूस इथे निमंत्रणावरून आला, हे विसरलं की पुढचं काही समजत नाही. मग करार झाला: मुसलमान, ज्यू सगळे मिळून एक समाज, ज्याचा त्याचा धर्म त्याला, गावावर हल्ला झाला तर सगळे एकत्र.

शहरात शिरायच्या आधी मुक्काम पडला तो कुबाला. इस्लाममधली पहिली मशीद तिथली. मस्जिद-ए-नबवीपासून, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीपासून, कुबापर्यंत आता खास पायवाट केली आहे, तीनेक किलोमीटरची, आणि न चालवणाऱ्यांसाठी छोट्या बॅटरीच्या गाड्या. अम्मीला ती गाडी सगळ्या प्रवासात जास्त आवडली.

मस्जिद-ए-नबवीचं अंगण केवढं, आणि त्यावर उघडमीट करणाऱ्या अडीचशे अवाढव्य छत्र्या! मूळ मशीद मातीच्या विटांची, खांब खजुराच्या बुंध्यांचे, छप्पर झावळ्यांचं. पाऊस आला की गळायचं, आणि पैगंबरांच्या कपाळाला सजद्यात, म्हणजे नमाजात कपाळ टेकताना, चिखल लागलेला साथीदारांनी पाहिल्याची आठवण हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्याबद्दलच्या नोंदींमध्ये, आहे. लागूनच पैगंबरांच्या बायकांच्या खोल्या, घरदार नसलेल्यांसाठी ओटा. इथेच बिलालची पहिली अजान.

मशिदीतल्या रौजा या जागेत जायचं तर 'नुसुक' या ॲपवर वेळ घ्यावी लागते. भारतातूनच घ्या, तिथे गेल्यावर मिळेलच असं नाही. बायकांच्या वेळा वेगळ्या. दीड तास रांग आणि हिरव्या गालिच्यावर दहा मिनिटं. पैगंबरांचं घर आणि मिंबर, म्हणजे प्रवचनाचं आसन, यांच्यामधला हा तुकडा. शेजारी पैगंबरांची पत्नी आयेशा हिच्या खोलीच्या जागी पैगंबर, अबू बक्र आणि उमर यांच्या कबरी, वर तो हिरवा घुमट. मी दुआ मागायच्या ऐवजी अम्मीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांचं कडं करून उभी होते. दहा मिनिटं तशीच गेली.

सातव्या दिवशी गुरुवार. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी बायकांच्या भागात लांबलचक प्लास्टिकच्या पट्ट्या अंथरायला सुरुवात झाली. सोमवारी-गुरुवारी नफल, म्हणजे ऐच्छिक, रोजा ठेवणाऱ्यांसाठी हा बंदोबस्त. आम्ही रोज्यात नव्हतो, म्हणून बाजूने निघालो, तर काळ्या अबायातल्या मदिनेच्याच एका वयस्कर बाईने अम्मीचा हात धरला आणि सरळ खाली बसवलं. खजूर, शुरैक नावाचा गोडसर पाव, दह्याची वाटी आणि त्यावर भुरभुरवायला दुग्गा: जिरं, तीळ, मीठ घालून कुटलेली पूड. "अगो, ही तर तिळाची चटणी," अम्मी म्हणाली. ती बाई अरबीत बोलत होती, अम्मी आमच्या बोलीत. पाच मिनिटांत दोघींनी एकमेकींना गुडघे दाखवले. उठताना बाईने उरलेला शुरैक कागदात बांधून अम्मीच्या पिशवीत कोंबला, नको म्हणायला वावच नाही.

त्याच मशिदीच्या वायव्येला कुंपण घातलेली एक बाग आहे, लोक समोरून निघून जातात. सकीफा बनी साइदा. ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि पुढारी कोण यावर इथल्या मांडवाखाली वाद झाला. अबू बक्र निवडले गेले. पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली आणि त्यांच्या माणसांना तो हक्क अलींचा वाटत होता. शिया-सुन्नी दुफळीचं मूळ शोधत जाल तर या बागेच्या कुंपणाशी येऊन थांबाल. वर्षभरात यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले पुष्कळ जण पडले, तेव्हा जैद बिन साबित यांच्यावर काम सोपवलं गेलं: खजुराच्या देठांवर, चामड्यावर, हाडांवर आणि लोकांच्या पाठांतरात विखुरलेल्या आयती एकत्र करणं. तिसरे खलिफा उस्मान यांनी ६५० च्या सुमाराला त्याची प्रमाण प्रत करून गावोगाव धाडली.

दिवस आठवा: उहुद, बकी

उहुदचा डोंगर शहराच्या उत्तरेला, तांबूस आणि लांबट. समोर बुटकी टेकडी, तिरंदाजांची. ६२५ मध्ये मक्केची फौज चालून आली तेव्हा पैगंबरांनी इथे पन्नास तिरंदाज ठेवले होते आणि काहीही झालं तरी जागा सोडू नका असं बजावलं होतं. जिंकल्यासारखं वाटलं, बहुतेक जण लुटीसाठी खाली धावले, घोडदळ मागून आलं. मुसलमानांची सत्तर माणसं गेली, त्यात पैगंबरांचे काका हमजा. टेकडीवर चढायला पाच मिनिटं पुरतात. वरून दिसतं की ही जागा सोडली म्हणजे दारच उघडं टाकलं.

"लढाईत बायका?" अम्मीचा प्रश्न मी आता ओळखूनच होते. होत्या. आयेशा आणि उम्मे सुलैम पखाली पाठीवर घेऊन जखमींना पाणी पाजत होत्या. नुसैबा पाणी पाजायलाच आली होती, पण फळी फुटली तशी तलवार घेऊन पैगंबरांपुढे उभी राहिली आणि खांद्यावर वार झेलला. समोरच्या बाजूला मक्केचा सेनापती अबू सुफियान याची बायको. नाव हिंद.

"काय नाव?"

"हिंद."

"आपल्या देशाचं?" अम्मीला याची फारच गंमत वाटली. पाच वर्षांनी, ६३० मध्ये, मक्का जवळजवळ न लढता पैगंबरांच्या हाती आली. मूर्ती काढल्या गेल्या, सरसकट सूड मात्र घेतला नाही. तेव्हा हिंदलाही माफी मिळाली.

संध्याकाळी बकी कब्रस्तान. पैगंबरांचं घरदार, हजारो साथीदार इथे आहेत. बायकांना आत सोडत नाहीत. आम्ही भिंतीच्या जाळीशी उभ्या राहिलो. जुने घुमट १९२५-२६ च्या सुमाराला पाडले गेले, आता नुसती माती आणि खुणेचे दगड. मक्केतही घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २००२ मध्ये उस्मानी तुर्कांच्या काळातला किल्ला पाडला. कबरींची पूजा होऊ नये हे मला समजतं. पण इतिहासाच्या बाईला जुनी भिंत पाडलेली बघवत नाही, आणि हे मी भावालाही सांगितलं. तो म्हणाला, इथे हळू बोल.

खजूर घ्यायचे तर हरमजवळच्या दुकानांत नको, बाजारात जा, चाखून घ्या, भाव करा. अजवा काळा, मऊ, कमी गोड, महाग. अम्मीने घासाघीस मराठीत केली आणि यशस्वी झाली.

दिवस नववा: परत

परतीचं विमान जेद्दाहून. झमझमचं पाच लिटरचं खोकं विमानतळावरच घ्या, सामानात स्वतः भरलेल्या बाटल्या चालत नाहीत.

विमान समुद्रावर आलं तेव्हा अम्मीने विचारलं, "मग आपल्याकडे कसं पोचलं हे?"

जमिनीवरचा पसारा मी धड्यात शिकवत आले: पैगंबरांनंतर दहा वर्षांच्या आत दमास्कस, जेरुसलेम, इराक, इजिप्त. रोमी (बायझंटाईन) आणि इराणी साम्राज्यं ६०२ पासून ६२८ पर्यंत एकमेकांशी लढून पोकळ झाली होती, आणि इजिप्त-शाममधले बरेच ख्रिस्ती रोमी सम्राटाच्या धर्मसक्तीला विटले होते. सत्ता झटक्यात बदलली, लोक मात्र नाही. जिझिया भरून आपल्या धर्मात राहिले, बहुसंख्य मुसलमान व्हायला दोन-तीन शतकं लागली.

पण अम्मी म्हणाली 'आपल्याकडे'. ते समुद्राने आलं. मस्कतहून कोल्लमला जायला बरा वारा असला तर महिना, असं नवव्या शतकातल्या अरबी वृत्तांतात आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी आपल्या चौलला उतरला आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. राज्य राष्ट्रकूटांचं. त्यांच्याच ९२६ च्या चिंचणी ताम्रपटात संजाणचा कारभार 'मधुमती' नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, दिलेला आहे. मधुमती म्हणजे मुहंमद. मूळ नावाला संस्कृत शेंडी.

"महिनाभर बोटीत?" अम्मी दाभोळच्या फेरीबोटीतही डोळे मिटून बसते. तिने खिडकीतून खाली बघितलं. नुसतं पाणी.

"एवढ्या माणसांचं जहाजावर रांधायचं कोण?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात जेवणाची ट्रॉली आली.